तुम्हाला या घरातून कोण काढू शकतं?

मुंबईत कुणाच्याही दारात उभं राहून "तुम्हाला स्वतःचं घर हवं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. काही जण हसतातच. "का मॅडम, तुम्ही देणार आहात का?" मग टॅबवर 'होय' दाबायचं आणि पुढचं दार वाजवायचं. दोन महिन्यांनी कुठल्यातरी एसी खोलीत पडद्यावर एक भलामोठा आकडा झळकतो आणि कुणीतरी म्हणतं, बघा, आपल्याकडे भाड्याच्या घरांना मागणीच नाही. लोकांना मालकीच हवी.

माझं काम त्या दाराच्या आणि त्या पडद्याच्या मधलं. मी सर्वेक्षणांची फील्ड सुपरवायझर आहे. प्रश्न लिहिणारे वेगळे, अहवाल लिहिणारे वेगळे, आणि पोरापोरींची टीम घेऊन जिने चढणारी मी. साबण, टीव्ही, मोबाइलचे रिचार्ज, सगळ्यांचे सर्व्हे करून झाले. अलीकडे मात्र बरीचशी कामं घरांवरची येतात. कुणाची ते लिहिता येत नाही, करारात तसं कलम असतं. शेवटच्या कामाचा आदेश साधारण असा होता: मुंबई महानगर प्रदेशात भाड्याची घरं वाढवायची असतील तर भाडं आणि मालकी याबद्दल लोकांच्या मनात काय आहे ते शोधा, धोरणाला उपयोगी पडेल असं द्या. नमुना छोटा होता, म्हणून इथे टक्केवारी देत बसत नाही. शिवाय मला जे सांगायचंय ते टक्केवारीत मावणारं नाहीच.

गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते. घर मालकीचं की भाड्याचं?

2011च्या जनगणनेत याला तीन खाने होते. स्वतःचं, भाड्याचं, इतर. त्यावरून देशाच्या शहरी भागात 69.2 टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात आणि 27.5 टक्के भाड्याच्या घरात राहतात, असं निघालं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76व्या फेरीत, म्हणजे 2018मध्ये, खाने जरा जास्त होते. नोकरीत मिळालेलं क्वार्टर वेगळं, लेखी कराराचं भाडं वेगळं, तोंडी बोलीवरचं वेगळं. त्यातल्या त्यात बरं. पण लालबाग-परळच्या लाकडी जिन्यावर ही दोन्ही कोष्टकं सारखीच निकामी होतात.

तिथल्या एका आजोबांचं उदाहरण सांगते. चाळ स्वातंत्र्याच्या आधीची, खोली आजोबांच्या वडिलांनी घेतलेली. घर मालकीचं की भाड्याचं, असं आमच्या मुलाने विचारलं. "मालकीचंच." बरं. मग पुढे हप्ता, देखभाल खर्च वगैरे प्रश्न आले, तेव्हा त्यांनी कपाटातून पावतीपुस्तक काढलं. भाडेपावती. महिन्याला शंभराच्या आतलं भाडं. "म्हणजे भाड्याचं आहे ना काका?" आजोबा भडकले. "भाड्याचं कसं? पागडी दिलीय वडिलांनी! घरमालक आला तरी दारात उभा राहतो, आत येत नाही."

कायद्याने ते भाडेकरू, पण त्यांचं म्हणणंही खोटं नाही. मुंबईत भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली गेली आणि 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती तशीच राहिली. भाडं वाढवता येत नाही आणि भाडेकरू काढता येत नाही, म्हटल्यावर घरमालकाने वरची रक्कम एकदाच घ्यायला सुरुवात केली. ती पागडी. बाजारभावाच्या जवळ जाणारा पैसा देऊन माणूस 'भाडेकरू' व्हायचा. खोली दुसऱ्याला द्यायची झाली तर मिळालेल्या पैशातला साधारण तिसरा हिस्सा घरमालकाला, ही रीत. कागदोपत्री हे सगळं कित्येक वर्षं बेकायदा होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1997मध्ये गोठलेल्या भाड्यांवर कान उपटले, त्यानंतर 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली आणि पागडीची देवघेवही कायदेशीर झाली. इतक्या कमी भाड्यात दुरुस्ती कोण करणार? म्हणून 1969मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. तेव्हा शहर भागात अशा उपकरप्राप्त इमारती 19,642 होत्या. एवढ्या इमारतींमधली कुटुंबं आमच्या पहिल्या प्रश्नाला काय उत्तर देणार, सांगा.

आणि ही पक्की भाडेकरू मंडळी ज्या भीतीने जगतात ती मालकीवाल्याला कळणार नाही. भाडेकरू वारला की हक्क जातो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे. म्हणून 'सोबत राहणं' दाखवावं लागतं. मुलगा-सून डोंबिवलीला, नातवंडांची शाळा डोंबिवलीला, पण खोलीवर रात्री झोपायला कुणीतरी हवंच. कधी धाकटा भाऊ, कधी कॉलेजला आलेला भाचा. आमच्या प्रश्नावलीत 'या घरात नेहमी राहणारे सदस्य' असा रकाना होता. त्या मजल्यावर दर दुसऱ्या घरात तो रकाना भरताना माणसं विचारात पडायची. खरं सांगायचं की रेशनकार्डावरचं?

*

झोपडपट्टीत गंमत उलटी. तिथे जमीन सरकारची, पालिकेची, रेल्वेची नाहीतर कुणा खाजगी ट्रस्टची. तरी 2011च्या जनगणनेत देशभरच्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे 70 टक्के कुटुंबांची घरं 'स्वतःची' म्हणून नोंदली गेलीत आणि साधारण 26 टक्क्यांची 'भाड्याची'. मला यातला दुसरा आकडा पटत नाही. तो प्रत्यक्षापेक्षा कमीच नोंदला गेला असणार, असं माझं मत, आणि कारण दाराशीच दिसतं.

कुर्ल्याच्या, गोवंडीच्या गल्ल्यांत खालची खोली मालकाची आणि वर लोखंडी शिडीने जायचा माळा भाड्याचा. शिडीवर चप्पल दिसतात, माळ्यावर पंखा फिरत असतो, वरून पोर रडल्याचा आवाज येतो. खाली विचारलं तर, "वर कोणी नाही, पाहुणे आलेत गावाहून." पाहुणे पाच वर्षं राहिलेले असतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत घर मिळतं ते प्रत्यक्ष राहणाऱ्याला, आणि त्याला पुरावे लागतात. मतदार यादीत नाव, वीजबिल, ठरावीक तारखेआधीचं वास्तव्य. ही तारीख आधी 1 जानेवारी 1995 होती, मग 2000 झाली, पुढे पैसे भरून 2011पर्यंतचे. आता भाडेकरूच्या हाती एक जरी कागद लागला तर उद्या पात्र कोण ठरणार? त्यामुळे मालक भाडेकरूला पत्त्याचा पुरावा देत नाही, दर अकरा महिन्यांनी बदलतो, आणि सर्व्हेवाले आले की वर हाक मारून सांगतो, खाली उतरू नका.

म्हणजे शहरातला सगळ्यात कच्चा भाडेकरू, ज्याच्यासाठी भाड्याच्या घरांचं धोरण खरंच हवंय, तो आमच्या नमुन्यात येतच नाही. आला तरी पाहुणा म्हणून येतो. आम्ही मग वेळ बदलली. रात्री नऊनंतर, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, घराबाहेर बोललो. तिथे लोक बोलतात. घरात मालकाच्या बायकोसमोर भाडेकरूची मुलाखत घेणाऱ्या सर्वेक्षणावर माझा काडीचा विश्वास नाही.

सर्व्हे हा शब्दच वस्तीत जड झालाय. दारावर रंगाने नंबर टाकून गेलेले, बोटांचे ठसे घेऊन गेलेले, बिल्डरची माणसं, एनजीओची माणसं, सगळे 'सर्व्हेवाले'. आम्ही पोचलो की बाई आत जाते आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन येते. फोटोपास, जुनी मतदार यादी, नवऱ्याच्या नावाचं वीजबिल. आम्ही विचारतोय, "तुम्हाला या भागात राहायला आवडतं का, एक ते पाचमध्ये सांगा," आणि ती एकेक कागद उलगडून दाखवतेय. तिच्या दृष्टीने ही पात्रतेची परीक्षा असते. मग 'आवडतं का' याला ती पाच म्हणणारच. चार म्हटलं आणि नाव कापलं तर?

*

म्हणून आम्ही, म्हणजे मी आणि टीममधल्या दोन मुली, प्रश्न बदलण्याच्या मागे लागलो. तज्ज्ञ मंडळींशी थोडी हुज्जत घालावी लागली. मालकीचं की भाड्याचं हा प्रश्न पाचव्या जागी ढकलला आणि पहिला प्रश्न केला: तुम्हाला या घरातून कोण काढू शकतं?

लोक एकदम सरळ बसले. एरवी 'किती शिकलात' आणि 'किती कमावता' यांना कंटाळून उत्तरं देणारी माणसं या प्रश्नावर बोलायला लागली. पागडीवाले म्हणाले, घरमालक नाही, बिल्डर. इमारत धोकादायक म्हणून नोटीस आली की संक्रमण शिबिर, आणि तिथून परत येणं बिल्डरच्या हातात. संक्रमण शिबिरातले म्हणाले, आम्हाला आता कोण काढणार, आम्ही तीस वर्षं 'तात्पुरते' आहोत. पोलीस क्वार्टरमधल्या बाईने पटकन तारीखच सांगितली, नवऱ्याच्या निवृत्तीची. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा आयटीतला मुलगा म्हणाला, बँक. सोसायटीतला एकटा भाडेकरू म्हणाला, सेक्रेटरी. कारण काय, तर मित्र रात्री येतात. एका मुस्लिम बाईंनी सांगितलं की आम्हाला काढायची वेळच येत नाही, आडनाव ऐकून घर दाखवतच नाहीत. मालकी असून भीती आहे आणि भाडं असून निर्धास्तपणा आहे, अशी सरमिसळ एका प्रश्नात बाहेर आली. मालकी-भाडं या दोन खान्यांत ती कधीच दिसली नसती.

एक उत्तर आम्ही अपेक्षिलं नव्हतं. कल्याणची तिशीतली बाई, नवरा-बायको दोघं नोकरीला, वन बीएचके भाड्याचा. तिला मालकीचं घर नको होतं. "घेतलं तर कर्जात सासऱ्यांचा पैसा येईल आणि सासूबाई येतील, 'माझ्या मुलाचं घर' म्हणत. इथे घरमालक आम्हा दोघांचाही सारखाच आहे." प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर असावं असा नियम आहे, राज्यात बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. चांगलंच आहे. पण नाव कागदावर असणं आणि स्वयंपाकघर आपलं असणं यातलं अंतर ती बाई बरोबर ओळखून होती.

गावच्या घराचंही असंच. सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गकडच्या माणसाला विचारा, घर आहे का? "आहे की, गावाला." मुंबईत खोली असते, घर गावाला असतं. चार चुलत्यांत वाटण्या न झालेलं, गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारं. पण आवास योजनेची अट अशी की देशात कुठेही पक्कं घर नसावं. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे सर्व्हेत गावचं घर गायब होतं. गप्पांत मात्र छपरावर यंदा किती कौलं बदलली तेही कळतं. अशा माणसाला मुंबईत भाड्याने राहण्याचा कमीपणा वाटत नाही, कारण त्याच्या मनातली मालकी पुरी झालेली असते. धोरण आखणाऱ्यांना हा भाडेकरू सापडला पाहिजे, आणि आपल्याच अटीने आपण त्याला लपायला लावलंय.

*

पुढचा भाग होता पर्यायांच्या कार्डांचा. दोन कार्डं समोर ठेवायची. एकावर मालकीचं घर, 320 चौरस फूट, नेरळ-कर्जतकडे, एवढा हप्ता. दुसऱ्यावर सध्या राहता त्याच भागात भाड्याचं घर, तेवढंच मोठं, पंधरा वर्षं कुणी काढणार नाही, भाडं ठरावीक दरानेच वाढेल. कुठलं घ्याल?

उत्तरापेक्षा त्याआधी लोकांनी विचारलेले प्रश्न मोलाचे होते, आणि मी ते वहीत वेगळे उतरवून घ्यायला सांगितले होते. पुरुष दुसरं कार्ड उचलून विचारायचे, गॅरंटी कोण देणार? सरकार म्हटलं तर, सरकार बदललं की? खाजगी कंपनी म्हटलं तर कार्ड खाली. बायका विचारायच्या, पंधरा वर्षांनी काय? तेव्हा माझं वय किती असेल ते बोटांवर मोजायच्या. कुर्ल्यातली घरकाम करणारी बाई पहिलं कार्ड हातातच घेईना. चार घरची कामं पायी अंतरावर, पहिलं सकाळी सात वाजता. कर्जतहून सातला पोचायचं तर निघायचं कधी? "मालक होऊन काय करू तिकडे, डोंगर बघत बसू?" दुसरीकडे घाटकोपरला एका जोडप्याने न बोलता पहिलं कार्ड उचललं. मुलगा सत्तावीसचा, स्थळं बघताहेत. मुलीकडचे पहिला प्रश्न काय विचारतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पंधरा वर्षांच्या सुरक्षित भाड्याचं कार्ड तिथे चालत नाही. लग्नाच्या बाजारात घराची मालकी हा पगारासारखा एक रकाना आहे, तो धोरणाच्या मसुद्यात कुठे लिहितात मला माहीत नाही, पण लिहायला हवा.

लोकांना आधी न विचारता बांधलं तर काय होतं याचे पुरावे शहराभोवती उभेच आहेत. एमएमआरडीएने 2008मध्ये भाड्याच्या घरांची मोठी योजना आणली होती. घर 160 चौरस फुटांचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीएवढं, फक्त संडास आत. काही वर्षांत योजनेचं रूपच बदललं. पनवेलजवळ कोनला बांधलेली तसली घरं पुढे दोन-दोन जोडून 320 चौरस फुटांची करून गिरणी कामगारांना सोडतीत विकत दिली गेली, 2417. भाड्यासाठी बांधलेलं शेवटी मालकीत गेलं, आणि मालकी मिळालेला कामगार लालबागचा.

चेंबूरजवळचं माहुल तर त्याहून. तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या हटवून लोकांना तिकडच्या 72 इमारतींत पाठवलं. फुकट घर, पक्की भिंत, स्वतंत्र संडास. आणि शेजारी रिफायनऱ्या. माणसं घरं सोडून रस्त्यावर आंदोलनाला बसली. शेवटी 2019मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे राहायला नको असलेल्यांना दुसरीकडे भाड्याने राहायला महिन्याला 15,000 रुपये आणि 45,000 रुपये डिपॉझिट द्या. 2025मध्ये पालिकेने तिथली रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली, तेव्हाही फारसं कुणी पुढे आलं नाही. मुंबईत साडेबारा लाखात मालकीचं घर! 'लोकांना मालकीच हवी' म्हणणाऱ्यांनी एकदा या इमारतींच्या जिन्यात उभं राहून दीर्घ श्वास घ्यावा.

*

आतापर्यंत राहणाऱ्यांबद्दल लिहिलं. घर भाड्याने देणाऱ्यांबद्दल कमी लिहिते, कारण ते भेटतच कमी. त्यांची कुलपं भेटतात. 2017-18च्या आर्थिक पाहणी अहवालात जनगणनेच्या आधारे मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी असल्याचं म्हटलं होतं, देशातल्या शहरांत सर्वाधिक. त्यातली काही बांधून विकली न गेलेली, काही पडकी, पण बरीचशी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेली.

जे मालक भेटले त्यांचं एकच वाक्य: "भाडेकरू बसला तर?" हे म्हणणारा पस्तिशीचा असतो, ज्याने आयुष्यात बसलेला भाडेकरू पाहिलेला नाही. ही भीती वारशाने आलीय. आजोबांची गिरगावातली इमारत, साठ रुपये भाड्याचे बिऱ्हाडकरू, कोर्टातली तीस वर्षं, या गोष्टी ऐकून तो मोठा झालाय. त्याला हे माहीत नसतं की लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरत्या भाडेकराराची, मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल करायची तरतूद 1999च्या कायद्यातच आहे आणि त्यासाठी वेगळा सक्षम अधिकारी आहे. भाडेकरूंची अवस्थाही तीच. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, हे आम्हाला भेटलेल्यांत जवळपास कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा महिन्यांचं तर नवलच आहे. इतर राज्यांत बारा महिन्यांच्या वरचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून अकराची पळवाट. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो. साठ महिन्यांपर्यंत करता येतो. म्हणजे अकराला इथे कायद्याचं कारणच नाही. तरी मी स्वतः डोंबिवलीत अकरा-अकरा महिन्यांवर राहते, दर नूतनीकरणाला एजंटचे पैसे देते, आणि मालकाला तीन वर्षांचा करार करू म्हटलं तर तो माझ्याकडे मी घर हडपायला आल्यासारखा बघतो. या शहरात भाड्याच्या बाबतीत लोकांचं मत शोधायचं म्हणजे खरं तर 1947च्या कायद्याची आठवण मोजायची. कायदा बदलून पंचवीस वर्षं झाली, ती आठवण अजून गेलेली नाही. केंद्राने 2021मध्ये राज्यांसाठी नमुना म्हणून आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा वगैरे. मालकांपैकी एकाने त्याबद्दल ऐकलं होतं, पण उलटं: "त्यात आता भाडेकरूला काढताच येत नाही म्हणे." भाडेकरूंपैकीही एकाने ऐकलं होतं, तेही उलटं.

राज्याने मे 2025मध्ये नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. नाव 'माझे घर, माझा अधिकार', 2030पर्यंत 35 लाख घरांचं लक्ष्य. त्याआधी मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या. ही पद्धत चांगली आहे, पण सूचना पाठवतो तो ज्याच्याकडे लेटरहेड असतं. विकासकांच्या संघटना, सोसायट्यांचे महासंघ, फार तर चाळ कमिट्या. माळ्यावरच्या पाहुण्याला लेटरहेड नसतं. त्याच्यापर्यंत जायला आमच्यासारखी पायी फिरणारी माणसंच लागतात, तीही रात्री नऊनंतर, आणि त्याचा टीएडीए कुणी मंजूर करत नाही.

अहवालात पडद्यावरच्या आकड्याची जागा शेवटी त्या नव्या पहिल्या प्रश्नाच्या कोष्टकाने घेतली. मुख्य भागात नाही, परिशिष्टात. पुढच्या फेरीत तो मुख्य प्रश्नावलीत येणार, एवढं कबूल झालंय. आता वाद आहे पर्यायांवर. पहिल्या फेरीत उत्तरं मोकळी लिहून घेतली होती, आता त्यांना क्रमांक द्यायचेत: घरमालक, विकासक, सरकार किंवा पालिका, सोसायटी, बँक, कुणीच नाही. आणि सातवा पर्याय 'घरातलंच कुणी' असा आहे. कारण पहिल्या फेरीत बरीच म्हातारी माणसं, मुलगा चहा आणायला आत गेला की, हलकेच ते उत्तर देऊन मोकळी झाली. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलाला लिहून दिलेलं घर परत मिळवायची सोय आहे, हे त्यातल्या दोघांनी आम्हालाच विचारून घेतलं. अभ्यासगटातल्या एकांचं म्हणणं, सगळे पर्याय वाचून दाखवा, नाहीतर पद्धत एकसारखी राहत नाही. पुस्तकात तसंच आहे, मान्य. पण मुलगा, सून समोर बसलेली असताना माझी चोवीस वर्षांची इन्व्हेस्टिगेटर मोठ्याने "घरातलंच कुणी?" असं वाचणार, आणि आजी काय उत्तर देणार? मी लिहून कळवलंय: सातवा वाचायचा नाही, आपणहून सांगितला तरच नोंदवायचा, आणि त्यामुळे तो आकडा कमी येईल हे कोष्टकाखाली स्पष्ट छापायचं. बुधवारी मीटिंग आहे.